आटपाडीचं स्वतंत्रपूर आणि बाजारामागची खोली

पोस्ट लांब आहे. आत्ता गडबडीत असाल तर रात्री जेवणं उरकल्यावर वाचा, पण वाचा.

गेल्या महिन्यात एका ताईंचा फोन आला. त्यांचा भाऊ कोल्हापूरच्या कळंबा जेलमधून सुटणार आहे. खुनाच्या केसमध्ये जन्मठेप झालेली. आत गेला तेव्हा तिशीतला होता, आता पन्नाशीला टेकलाय. आई-वडील मधल्या काळात गेले. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. गावातलं घर भावकीनं घेतलंय आणि ज्यांचा माणूस गेला त्यांचं दार त्याच गल्लीत. ताई म्हणाल्या, "दादा, माझ्या सासरी ठेवता येत नाही ओ. तालुक्याला एखादी खोली बघून द्या. आत सुतारकाम शिकलाय. कुणाला त्रास देणार नाही."

मी म्हणालो, "बघतो." आमच्या धंद्यात दिवसातून वीस वेळा "बघतो" म्हणावं लागतं, त्यातलंच हे एक. पण फोन ठेवल्यावर दोन जागा डोळ्यापुढं आल्या. एक आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. दुसरी आमच्याच बाजारामागची दहा बाय दहाची खोली. पहिलीबद्दल अभिमानानं लिहिता येतं, म्हणून ती आधी घेतो.

'दो आँखें बारह हाथ' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. निदान त्यातली प्रार्थना तरी शाळेत म्हटलीय. 1957 चा सिनेमा, दिग्दर्शन व्ही. शांताराम, कथा गदिमांची. सहा खुनी कैदी, एक जेलर आणि ओसाड माळ. बर्लिनच्या महोत्सवात त्याला 1958 साली रौप्य अस्वल मिळालं. पण या गोष्टीचं मूळ आपल्या माणदेशातलं आहे, हे आपल्याच पोरांना सांगावं लागतं. गदिमा माडगुळ्याचे, म्हणजे आटपाडी तालुक्यातले. काही शिक्षण औंधला झालेलं. ज्या संस्थानात ते वाढले, त्याच संस्थानानं आटपाडीजवळच्या माळावर बिनभिंतीचा तुरुंग वसवला होता. साल 1939. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. तुरुंगाला असं नाव ठेवायला माणूस एकतर विनोदी पाहिजे नाहीतर फार गंभीर.

औंध संस्थान अवघ्या 72 गावांचं. तीही सलग नाहीत. औंध खटावात, आटपाडी इकडं माणदेशात, कुंडल कृष्णेच्या बाजूला आणि एक तुकडा पार विजापूरकडं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांचे 'सूर्यनमस्कारवाले राजे'. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे आणि पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावायचे. 1938-39 च्या सुमाराला या राजानं एक गोष्ट केली, ती आजचा सरपंचसुद्धा करणार नाही. स्वतःची सत्ता सोडली. गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी 1939 मध्ये ती लागू झाली. गावपंचायत, त्यावर तालुका, त्यावर विधिमंडळ, अशी रचना. इंग्रज अजून देशात बसलेले असताना या 72 गावांत आपलं राज्य आलं होतं.

यामागं राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत होते. ऑक्सफर्डला शिकून आलेले, पुढं स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. आणि दुसरा एक माणूस होता, त्याचं नाव आपल्याकडं कुणाच्या तोंडी नाही. मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधल्या वॉर्साचा ज्यू इंजिनिअर. म्हैसूर सरकारच्या कामासाठी बंगलोरला आला. तिथं रमण महर्षींच्या नादी लागला, मग गांधीजींच्या. भगवी वस्त्रं घातली, भारतानंद नाव घेतलं. सूत काढायची धनुष तकली ही त्याचीच करामत. अप्पासाहेबांनी त्याला औंधात आणलं. पुढं मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी बोलणी इंग्रजीत जगापुढं गेली, तीही याच माणसामुळं. 1976 साली तो मुंबईतच वारला. असा माणूस आपल्या आटपाडीच्या माळावर वावरला होता, याचा आमच्या पुढाऱ्यांना एखादा फ्लेक्स लावण्याइतकाही उपयोग झालेला नाही.

तर स्वराज्य आलं म्हटल्यावर तुरुंगाचं काय, हा प्रश्न आलाच. गावानं स्वतःचा कारभार करायचा तर गावातून उठून गेलेला गुन्हेगारही शेवटी गावाचाच. त्याला आत डांबून ठेवलं तरी एक दिवस तो परत येणार आणि गावात कुठंतरी राहणार. स्वतंत्रपूरच्या मागं हा साधा हिशोब होता. खून केलेल्या, लांब शिक्षेच्या माणसाला माळावर आणायचं. भिंत नाही, बेडी नाही. राहायला घर द्यायचं, कसायला जमीन द्यायची आणि बायको-पोरांना सोबत राहू द्यायचं.

शेवटचं वाक्य परत वाचा. सगळी मेख त्यात आहे, आणि सिनेमात नेमकी तीच नाही.

सिनेमात सहाजण एकटे आहेत. त्यांना धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे जेलरचे डोळे. तो मरतो तरी डोळे बघत राहतात. पडद्यावर हे जबरदस्त दिसतं, मीही दर वेळी गप्प होतो. पण विचार केला तर ती राखणच झाली, फक्त बंदूक काढून डोळे ठेवले. खऱ्या स्वतंत्रपुरात माणूस पळत नव्हता, कारण संध्याकाळी घरी चूल पेटत होती. पळून जाऊन तो कुठं जाणार? ज्याच्यासाठी पळायचं, ते तिथंच होतं.

आता यातली दुसरी बाजूही बघा. त्या चुलीपुढं बसलेल्या बाईनं काय गुन्हा केला होता? नवऱ्याच्या शिक्षेत तीही माळावर येऊन राहिली. पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर पत्ता कुठला? मी हे टोचून लिहीत नाही. पण अशा योजनांचं कौतुक करताना आपण बायकांचे कष्ट धरतच नाही, ही आपली जुनी खोड आहे.

8 मार्च 1948 ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. औंध गेलं, त्याची घटना गेली, पंचायती नव्या कायद्यात विरघळल्या. स्वतंत्रपूर मात्र राहिलं. मुंबई राज्यानं ते चालू ठेवलं, पुढं महाराष्ट्रानं. आजही ते कारागृह विभागाकडं आहे. दुसऱ्या जेलमध्ये शिक्षेचा बराच भाग काढलेले, वागणूक चांगली असलेले कैदी निवडून तिथं पाठवतात. हजेरी असते, शेती असते, कुटुंब असतं. बाजारहाटाला आटपाडीत येतात. आपण त्यांच्याशेजारी उभं राहून भाजी घेतलेली असू शकते. आणि आपल्याला काही झालेलं नाही.

मात्र जागा किती? तीसाच्या आत. राज्यातल्या जेलांत चाळीस हजारांच्या घरात माणसं आहेत. त्यातले बरेच कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागायचाय, हे धरलं तरी गणित तुमच्या लक्षात येईल. येरवड्याला, पैठणला खुली कारागृहं झाली, ती मोठी आहेत. पण कुटुंबासकट वसाहत ही आटपाडीची गोष्ट 85 वर्षांत आपण वाढवली नाही. तिच्यावर सिनेमा निघाला, बक्षिसं मिळाली, विषय संपला.

ही कल्पना जगात अगदीच कोरी नव्हती. आयर्लंडमध्ये 1850 च्या दशकात वॉल्टर क्रॉफ्टन नावाचा अधिकारी तुरुंगांचा प्रमुख झाला. त्यानं शिक्षेचे टप्पे पाडले. आधी एकांत, मग सामूहिक काम, आणि सुटकेआधीचा शेवटचा टप्पा मधल्या तुरुंगात. डब्लिनच्या उत्तरेला लस्क नावाच्या गावी माळावर लोखंडी पत्र्याच्या झोपड्या उभ्या केल्या. 1856 ची गोष्ट. कोट नाही, पहारेकरी मोजके, तेही बिनहत्यारी. कैदी दिवसभर माळाचं पाणी काढून जमीन तयार करायचे. क्रॉफ्टनचं म्हणणं असं की, जो माणूस उद्या मोकळा होणार त्याला आज थोडा मोकळा करून बघा. त्याचीही परीक्षा होते आणि लोकांचीही.

पण मला लस्कपेक्षा तिथला एक मास्तर जास्त आवडतो. जेम्स ऑर्गन. कैद्यांना संध्याकाळी शिकवायचा, हे नेमून दिलेलं काम. त्यापलीकडं तो डब्लिन आणि आसपासच्या मालकांकडं खेटे घालायचा. या माणसाला कामावर ठेवा, मी ओळखतो याला. कामाला लागलेल्या माणसाकडं परत परत जाऊन चौकशी करायचा. मालकाला त्रास झाला तर त्याच्याकडं दाद मागता यायची. म्हणजे सुटलेला माणूस आणि गाव यांच्यामध्ये एक जिवंत माणूस उभा होता. झोपड्या काय, कुणीही बांधेल. ऑर्गन मास्तर कुठून आणायचा?

अमेरिकेत तर याच्याही आधी हा विषय निघाला होता. मॅसॅच्युसेट्समध्ये 1817 साली एका आयोगानं सुचवलं की, सुटलेल्या कैद्यांसाठी तात्पुरतं निवाऱ्याचं घर बांधावं. विरोध झाला. युक्तिवाद असा की, सगळे गुन्हेगार एका छपराखाली ठेवले तर एकमेकाला आणखी बिघडवतील. (आत इतकी वर्षं एकत्र ठेवलं होतं तेव्हा कोण कुणाला सुधारत होतं, कोण जाणे.) शेवटी सरकारनं नाही, धर्मभीरू क्वेकर मंडळींनी सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये 1845 साली आयझॅक हॉपर आणि त्यांची लेक ॲबिगेल यांनी सुटलेल्या बायकांसाठी काम उभं केलं, घर उघडलं. हॉपर यांच्या नावाचं घर तिथं नंतरही चालू राहिलं. याच प्रकाराला पुढं हाफवे हाऊस म्हणायला लागले. अर्ध्या वाटेवरचं घर. तुरुंगापासून घरापर्यंतच्या वाटेत मुक्काम करायची जागा.

आपल्या सरकारी मराठीत याला शब्द आहे अनुरक्षणगृह. उच्चारून बघा. ज्याला तिथं जायचंय त्याला पत्ता विचारताना हा शब्द म्हणता येणार नाही, एवढं नक्की.

शब्द आला कारण समित्या आल्या. 1894 चा तुरुंग कायदा इंग्रजांचा, त्याचं लक्ष सगळं कैदी आत कसा ठेवायचा यावर. स्वातंत्र्यानंतर 1954 साली केंद्रीय समाजकल्याण मंडळानं सुटकेनंतरच्या मदतीचा विचार करायला समिती नेमली. अध्यक्ष आपले मराठी समाजशास्त्रज्ञ प्रा. मा. स. गोरे. सुटलेल्यांसाठी घरं, कामधंद्याची सोय, सगळं त्यांनी मांडलं. मग 1980 ते 83 न्यायमूर्ती मुल्ला यांची समिती. तिनंही सुटकेनंतरच्या व्यवस्थेवर लिहिलं. 2023 साली केंद्रानं राज्यांसाठी नमुना कायदा केला, त्यातही पुनर्वसन आहे. तुरुंग हा राज्याचा विषय, त्यामुळं केंद्र नमुना देतं आणि राज्य तो बघतं. आम्ही पत्रकार या प्रत्येक वेळी बातमी करतो, हेडिंग थोडंफार तेच असतं.

काम करणारे आहेत, हेही सांगितलं पाहिजे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून कैद्यांबरोबर आणि सुटलेल्यांबरोबर काम करतोय. पण मुंबई ते माणदेश हे अंतर तुम्हाला माहितीय. सुटलेला माणूस मुंबईत उतरत नाही. तो पहाटेच्या एसटीनं तालुक्याच्या स्टँडवर उतरतो. हातात पिशवी, खिशात जेलात केलेल्या कामाची मजुरी. मोबाईल आहे, पण तो चालवायचा कसा हे शेजारच्या पोराला विचारतोय.

इथं एक गैरसमज दूर करतो. कैद्यांची वसाहत म्हटलं की, आमच्या भागातल्या जुन्या माणसांना सोलापूरचं सेटलमेंट आठवतं. तो प्रकार पूर्ण वेगळा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आख्ख्या जातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आणि पुढं सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसं ठेवली. बायका, म्हातारी, तान्ही पोरं, सगळी हजेरीला. त्यांनी काही केलेलं नव्हतं. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन करतात. तिथंही कुटुंब एकत्र होतं, शेती-गिरणीचं काम होतं, सुधारणा हा शब्दसुद्धा होता. म्हणजे कुटुंब आणि काम दिलं की झालं, असं नाही. स्वतंत्रपुरात माणसाला बाहेरच्या दिशेनं तोंड करून बसवलं होतं, सेटलमेंटमध्ये आतल्या. आणि गंमत बघा, कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली तरी चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीवर जाते, हे आम्ही क्राइम बीटवाले डोळे झाकून सांगतो.

क्राइम बीट म्हटलं की, आता ती खोली आलीच.

अठरा-एकोणीस वर्षं झाली. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी नुकता एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी झालो होतो. मानधन विचारू नका. बाजारामागं एका चाळीवजा इमारतीत एक माणूस राहायला आला. पन्नाशीचा, हडकुळा, स्वच्छ कपडे. एका वेल्डिंगच्या दुकानात काम करायचा. शेजारच्या पोरांच्या सायकली फुकट जोडून द्यायचा. तो जन्मठेप भोगून आलाय, हे घरमालकाला माहीत होतं, दुकानदाराला माहीत होतं आणि स्टेशनला माहीत होतं. बाकी कुणाला नाही. सात-आठ महिने असे गेले. आता मागं वळून बघतो तर ती दहा बाय दहाची खोली हेच आमच्या तालुक्याचं हाफवे हाऊस होतं. सरकारनं नाही बांधलं, दोन माणसांनी गप्प राहून चालवलं.

मग बाजारपेठेत एका कापड दुकानात चोरी झाली. रात्री शटर उचकटलेलं. पोलिसांनी नेहमीप्रमाणं पाच-सहा जणांना बोलावलं, त्यात हा. चौकशी करून संध्याकाळी सोडून दिलं. मला स्टेशनवर हे कळलं. मी बातमी केली. नाव घातलं नाही, कायदा मला माहीत होता. लिहिलं की, 'जन्मठेपेची शिक्षा भोगून शहरात वास्तव्यास असलेल्या एका इसमाचीही पोलिसांनी कसून चौकशी केली.' वाक्य खरं होतं. 'कसून' हा शब्द माझा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोली गेली. चाळीतल्या बायकांनी घरमालकाला घेरलं. वेल्डिंगवाला चार दिवस टिकला, मग गिऱ्हाईक बोलायला लागलं. चोर दोन आठवड्यांनी सापडले, परजिल्ह्यातली टोळी होती. ती बातमीही मी केली, आतल्या पानावर, चार ओळी. त्यात या माणसाचा उल्लेख नव्हता. कशाला असेल? त्याचं नाव तर आधीही नव्हतं.

तो मला स्टँडवर भेटला. मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो. त्यानं ओळखलं, नमस्कार केला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मी तुमचं नाव टाकलं नव्हतं." तो चिडला नाही. म्हणाला, "न्हाई टाकलं, खरंय साहेब. पर गावात जन्मठेपीचा दुसरा हाय कोण?" एवढं बोलून तो गाडीला हात करायला गेला. कुठल्या गाडीत बसला ते मी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

सिनेमात एक प्रसंग आहे. कैदी स्वतः पिकवलेली भाजी बाजारात आणतात, स्वस्त विकतात आणि बाजारातले व्यापारी गुंड घालून त्यांना मारतात. माळावर सगळं जमलेलं असतं, बिघडतं ते बाजारात आल्यावर. मी तो प्रसंग आधी कितीदा पाहिला असेल. स्टँडवरच्या त्या भेटीनंतर पाहिला तेव्हा मी कुठल्या बाजूला उभा आहे, ते दिसलं.

इतिहास वाचायला लागलो तो त्यामुळं. आणि वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. स्वतंत्रपूर असो की लस्क, ती सुटकेच्या आधीची जागा. शिक्षा संपली की, स्वतंत्रपुरातलं घर आणि वावरही सोडावं लागणार, कारण ते कैद्यासाठी आहे आणि हा आता कैदी नाही. त्यातून ती रचना कुटुंबकबिल्याची. ताईंच्या भावासारख्या एकट्या पडलेल्या माणसाचं काय? जो सगळ्यात जास्त एकटा, त्याला वाटेत मुक्काम नाहीच. जेलच्या दारात त्याला मोकळा म्हणतात, आणि गावाच्या वेशीवर खुनी. मधल्या रस्त्यावर तो कोण असतो, याचं रजिस्टर कुणाकडंच नाही.

आपल्या भागात याला उत्तर नाही असं मात्र म्हणू नका. किर्लोस्करवाडी औंध संस्थानातलीच. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना मांडला, तेव्हा राखणीला शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती, हे त्यांच्या चरित्रातून येतं. ज्याच्यावर चोरीचा शिक्का त्याच्याच हाती राखण. स्वतंत्रपूरच्या जवळपास तीस वर्षं आधीची ही गोष्ट, आणि तीसुद्धा समितीशिवाय.

आणि गलाईवाले घ्या. खानापूर-आटपाडीची पोरं सोनं-चांदी गाळायला देशभर जातात. केरळ, बंगाल, पंजाब, कुठं नाहीत? सोळा-सतरा वर्षांचं पोरगं परक्या मुलखात उतरतं, भाषा येत नाही, आणि पहिल्याच दिवशी दुसऱ्याचं सोनं त्याच्या हातात देतात. कशाच्या जोरावर? कुणीतरी गाववाला म्हणतो, "आपल्यातला हाय, मी जबाबदार." राहायला दुकानाच्या माळ्यावर जागा, जेवायला मालकाच्या घरी. वर्षभरात पोरगं पायावर उभं राहतं. डब्लिनचा ऑर्गन मास्तर याच्यापेक्षा वेगळं काय करत होता? आपल्याला हे येतं. पिढ्यान्‌पिढ्या येतं. फक्त आपल्यातला कोण, याची यादी आपण आखूड ठेवलीय.

कुणी म्हणेल, ज्याचा माणूस मेला त्यांचं काय? बरोबर आहे. ताईंच्या भावाच्या गल्लीतलं ते दुसरं घर मी विसरलेलो नाही. त्यांनी याला रोज बघावं असं कुणीच म्हणत नाही, म्हणून तर खोली दुसऱ्या गावात हवीय. वाटेवरचं घर हे त्यांच्यासाठीही असतं. आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं समजणाऱ्यांसाठी सांगतो, कायद्यानं जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. चौदा वर्षं ही खुनासारख्या गुन्ह्यात सरकारनं सुटकेचा विचार करण्याआधीची कमीत कमी मुदत. तो विचार करायला फायली फिरतात, अहवाल जातात. असा कुणी उगाच बाहेर येत नाही.

तर ताईंच्या फोनला आता साडेतीन आठवडे झाले. मी पाच ठिकाणी विचारलं. दोघांनी सरळ नाही म्हटलं, त्यांचा मला राग नाही. एकानं आधी हो म्हटलं आणि रात्री फोन करून सांगितलं की, मिसेस नको म्हणतायत. एकानं भाडं दुप्पट सांगितलं. पाचव्यानं "विचारून सांगतो" म्हटलंय, कुणाला विचारणार ते बोलला नाही. सुतारकामाचं मात्र जमलंय. फर्निचरवाले एक काका म्हणाले, "पंधरा दिवस हात बघतो, हात चांगला असला तर बाकीचं मला कशाला सांगता?"

माणसाचं नाव, गाव, केस इथं लिहिणार नाही. कमेंटमध्ये कुणी अंदाज बांधू नका, बांधलात तर डिलीट करीन. एक खोली पाहिजे, नळाची सोय असली तर बरं. डिपॉझिट मी भरतो. पहिले सहा महिने काही तक्रार आली तर माझ्या दारात या, पत्ता तुम्हाला माहीत आहे. भाडं किती ते इनबॉक्सला सांगा. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळलं तर बरं होईल.